माळ्यावरचे पाच कॉम्प्युटर, बाबांचा कुलवृत्तांत आणि रिडेव्हलपमेंटची तारीख

आमची ठाण्यातल्या नौपाड्यातली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीये. दिवाळी झाल्यावर ९ नोव्हेंबर २०२४ ला मीटिंगमध्ये तारीख ठरली, २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत घर रिकामं करून किल्ली द्यायची. मी लग्नानंतर ऐरोलीला असते, आईबाबा नौपाड्यातच, त्यामुळे आवराआवरीची कामं वाटून घेतली आणि माळा माझ्या वाट्याला आला, कारण माळ्यावर कॉम्प्युटर होते. १९९५ पासून घरात जे जे मशीन आलं ते बंद पडलं किंवा जुनं झालं की वर जायचं. टाकून कोणी देत नव्हतं कारण "त्यात काहीतरी असेल" हे बाबांचं ठरलेलं वाक्य.

आणि खरंच होतं. बाबांनी १९९५ ते ९७ ह्या काळात आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप केला होता. छापील पुस्तक आहे आमच्याकडे, पण छपाईचा खर्च झेपेना म्हणून तेव्हा पानं कमी केली आणि जे गाळलं ते सगळं सुनांचं आणि लेकींचं. छापलेल्या पुस्तकात माझ्या पणजीच्या नावापुढे फक्त "पत्नी" एवढंच आहे. बाबांनी मात्र गावोगावी पत्रं पाठवून माहेरचं नाव, गाव, शिक्षण, काही जणींच्या तर दोन-दोन पानं आठवणी जमवल्या होत्या आणि टाइपही केल्या होत्या. पत्रं २६ जुलै २००५ च्या पावसात तळमजल्यावरच्या कपाटात भिजून गेली. म्हणजे ती माहिती आता जगात एकाच ठिकाणी, १९९५ च्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर. आता नानाकाका नवी आवृत्ती काढतायत आणि त्यांनी विचारलं की ते गाळलेलं मिळेल का. मला ते मिळायलाच हवं होतं.

हे सगळं करताना मला मराठीत एका जागी काही सापडलं नाही म्हणून तारीखवार लिहितेय. ज्यांच्या माळ्यावर असंच काही आहे त्यांना थोडं सोपं जाईल.

१६ नोव्हेंबर, शनिवार. सगळं खाली काढलं. मास्क लावा आणि गच्चीत किंवा गॅलरीत न्या, पंचवीस वर्षांची धूळ घरात झटकू नका. आधी काहीही चालू करायचं नाही हे मनाशी पक्कं केलं होतं, कारण पॉवर सप्लायमध्ये काय अवस्था आहे माहीत नसताना प्लग लावला तर वाचलेलं पण जातं. तर फक्त उघडून बघितलं आणि वहीत लिहून काढलं.

पाच मशीन अशी (नावं आतल्या प्रोसेसरची, म्हणजे मुख्य चिपची): ४८६ डीएक्स२-६६ (जून १९९५), पेंटियम एमएमएक्स १६६ (दसरा १९९८), एएमडी ॲथलॉन एक्सपी २०००+ (२००३), कोअर टू ड्युओ ई७२०० (२००८), आणि आय५-३४७० (२०१२ चं शेवट). सध्या माझ्याकडे रायझन ५ ५६००जी आहे, तो २०२१ च्या दिवाळीत घेतला.

४८६ उघडलं आणि पोटात गोळा आला. त्या काळच्या मदरबोर्डांवर (कॉम्प्युटरच्या आतला मुख्य सर्किट बोर्ड) एक निळी, बुटकी, पिंपासारखी रिचार्जेबल बॅटरी सोल्डर केलेली असायची, तारीख-वेळ आणि सेटिंग टिकवायला. ती फुटून गळली होती आणि आजूबाजूचं तांबं हिरवं-निळं होऊन खाल्लं गेलं होतं, कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत. तुमच्याकडे ४८६ किंवा ३८६ असेल तर बाकी काही करू नका पण ती बॅटरी आजच कापून काढा. गळतं ते अल्कलाइन असतं, त्यामुळे व्हिनेगर थोडं लावून पुसायचं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायचं. मी ते केलं, पण बोर्डाचे तीन-चार ट्रॅक (तांब्याच्या बारीक रेषा) पूर्ण तुटलेले. वागळे इस्टेटला बोर्ड रिपेअरचं काम करणाऱ्या एकांना दाखवलं, ते म्हणाले, "ताई, एकेक ट्रॅक जोडत बसलो तरी खात्री नाही देऊ शकत." तेव्हा ४८६ चालू करायचा विचार सोडला आणि डिस्क तेवढी काढून घेतली.

ठाण्यातच एका डेटा रिकव्हरीवाल्यांकडे चौकशी केली. डिस्क बघून बारा हजार सांगितले, निघेलच असं नाही, आणि तीन आठवडे. मी म्हटलं आधी स्वतः बघू.

यूएसबीला जुन्या डिस्क जोडायचा अडॅप्टर मिळतो, आयडीई आणि साटा (डिस्क जोडायची जुनी आणि नवी पद्धत) दोन्ही चालणारा, सोबत वेगळा पॉवर ॲडॅप्टर असलेला. मला ११५० रुपयांना पडला. पॉवरवाला आहे ना ते बघून घ्या कारण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. २३ नोव्हेंबरला लावला. कोअर टू ड्युओची डिस्क, आय५ ची डिस्क पहिल्या झटक्यात दिसल्या. ॲथलॉनची ४० जीबीची पण दिसली, फक्त मधे मधे अडकत होती. ४८६ ची डिस्क फिरली, आवाज बरा होता, टकटक नाही, पण विंडोजला काहीच दिसेना. लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायची मोफत सिस्टिम) लावून बघितली, तिथेही नाही.

ह्याचं कारण समजायला मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या म्हणून जरा सविस्तर सांगते. हे यूएसबी अडॅप्टर डिस्कशी एलबीए पद्धतीने बोलतात, म्हणजे प्रत्येक सेक्टरला (डिस्कच्या छोट्या तुकड्याला) सरळ एक नंबर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण त्या आधीच्या लहान डिस्क सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे सांगितल्याशिवाय काही देत नाहीत. बऱ्याच अडॅप्टरना ती जुनी पद्धत येतच नाही. डिस्क चांगली, अडॅप्टर चांगला, आणि तरी दोघांचं बोलणं नाही. आणि रायझनच्या बोर्डावर तर आयडीईचं सॉकेटच नसतं.

म्हणजे मला असं मशीन पाहिजे होतं ज्याला जुनी भाषा पण येते आणि नवी पण. ते माझ्या समोरच पडलेलं होतं, पेंटियम एमएमएक्स. त्याच्या बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) डिस्क ओळखायची सोय आहे, "नॉर्मल" मोड म्हणजे सिलिंडर-हेड-सेक्टर आणि "एलबीए" मोड दोन्ही आहेत. त्यात ४८६ ची डिस्क लावायची, फाइल्स एमएमएक्सच्या स्वतःच्या ३.२ जीबी डिस्कवर कॉपी करायच्या, आणि ती ३.२ जीबीची डिस्क अडॅप्टरवर दिसते हे मी आधीच बघून ठेवलं होतं. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात डिसेंबर गेला.

एमएमएक्सचा पॉवर सप्लाय एटी, म्हणजे जुन्या जातीचा होता, पंखा गंजून जॅम. पण त्या काळातल्या बऱ्याच सॉकेट ७ बोर्डांवर (पेंटियम बसायचा ते बोर्ड) एटी आणि त्यानंतरचं एटीएक्स अशी दोन्ही पॉवरची सॉकेट असायची आणि आमच्यावर होती. नशीब म्हणायचं, कारण एटी सप्लाय आता शोधून मिळत नाही. ज्यांच्याकडे फक्त एटी आहे त्यांच्यासाठी: त्याचे दोन वेगळे कनेक्टर शेजारी शेजारी बसतात आणि चारही काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट बसवले तर बोर्ड जळतो.

७ डिसेंबरला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या सामानाच्या बाजारात गेले. बाबा पण हट्टाने आले, ७६ वर्षांचे आहेत पण ९५ साली ते मशीन तिथूनच आणलं होतं त्यामुळे त्यांना यायचंच होतं. आता तिथे सीसीटीव्ही, राउटर, मोबाइलचं सामान ह्यांचीच दुकानं जास्त, पण आतल्या गल्लीत जुनं सामान ठेवणारे अजून आहेत. एक काका टेबलाखालच्या खोक्यातून शोधत होते, बाबांनी त्यांना सांगितलं, "डिन कीबोर्डचा कन्व्हर्टर पाहिजे, पाच पिनचा." ते हसले आणि म्हणाले, "साहेब, हे नाव घेणारं माणूस खूप दिवसांनी आलं." १२० रुपये. त्याने साधा पीएस/२ कीबोर्ड जुन्या मोठ्या गोल सॉकेटला लागतो. जुना पण तपासून दिलेला एटीएक्स सप्लाय ७०० ला, सीआर२०३२ चे दोन सेल ८० ला. एकच टिप, सामान घेताना तिथेच मीटर लावून व्होल्टेज दाखवायला सांगा, चांगले दुकानदार नाही म्हणत नाहीत.

येताना ट्रेनमध्ये बाबा ४८६ ची किंमत सांगत होते. मॉनिटरसकट ५२,००० रुपये, त्यातले तीस पतपेढीचं कर्ज. १९९५ मध्ये पेंटियम मिळत होता पण त्यांनी घेतला नाही, एक तर महाग, दुसरं म्हणजे थोडेच महिने आधी त्या पेंटियमच्या भागाकारातल्या चुकीची बातमी पेपरात आली होती. थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांना ती १९९४ मध्ये सापडली आणि इंटेलला चिप बदलून द्याव्या लागल्या, ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. बाबा डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं) काम करायचे, त्यांना दशांशाच्या नवव्या घराशी काही घेणंदेणं नव्हतं, पण कर्ज काढून घेतोय तर शंका नको असं त्यांचं म्हणणं. मला ते आजही बरोबर वाटतं.

त्या ४८६ वर आठ एमबी रॅम होती, विंडोज ३.१, पानं जुळवायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ५ आणि मराठी फाँटचं पॅकेज, ज्याचं लॉक मागे प्रिंटरच्या पोर्टला लावावं लागायचं. पुढे टर्बोचं बटण, दाबलं की छोट्या लाल आकड्यात ६६ चे ३३ व्हायचे. डीएक्स२ म्हणजे बाहेरचा बोर्ड ३३ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि चिप आतून दुप्पट, ही क्लॉक डबलिंगची कल्पना १९९२ ची. त्या चिपमध्ये बारा लाखाच्या आसपास ट्रान्झिस्टर. एक पान मोठं करून बघायचं म्हटलं की स्क्रीन वरपासून खाली भरत जायची आणि बाबा तेवढ्यात पुढची ओळ हस्तलिखितात वाचून ठेवायचे. पूर्ण कुलवृत्तांत ह्या वेगावर झालाय. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

१४ डिसेंबरला एमएमएक्स टेबलावर घेतला. रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी पट्टी खोडरबरने घासली (जुनी पद्धत आहे, चालते, फक्त भुकटी नीट झटका), कार्ड काढून परत बसवली, नवा सेल टाकला. कॅबिनेटचं बटण एटीचं असल्यामुळे बोर्डावरच्या पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडायच्या. कुठल्या दोन, ते मॅन्युअलमध्ये होतं आणि बाबांच्या फायलीत सगळी मॅन्युअल बिलासकट लावलेली. तुमच्याकडे मॅन्युअल नसेल तर बोर्डावरचा मॉडेल नंबर शोधा, अंदाजाने पिना जोडू नका.

पंखा फिरला, एक बारीक बीप आली, आणि व्हीजीएच्या एलसीडीवर मेमरी मोजायला लागलं. चेकसमची एरर आली, ती सेल बदलल्यावर येतेच, तारीख घालून सेव्ह केलं की जाते. आणि विंडोज ९८ चा तो ढगांचा स्क्रीन. आई स्वयंपाकघरातून आवाज ऐकून बाहेर आली, "अगं, हे चालू झालं?" मला बोलवेना एवढा आनंद झाला होता.

त्या संध्याकाळी घाई असूनही थोडा वेळ तसाच वापरला. एमएमएक्स १६६ माझं पहिलं "माझं" मशीन, दहावीत असताना आलेलं. ४८६ च्या अडीचपट मेगाहर्ट्झ, पण कामात फरक अडीचपटीहून खूपच जास्त, कारण पेंटियमला एका ठोक्यात (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके) दोन इन्स्ट्रक्शन पुढे सरकवता येतात, आत दोन पाइप आहेत. वर एमएमएक्सचे ५७ नवे इन्स्ट्रक्शन आणि आतली कॅश (चिपमधली वेगवान मेमरी) दुप्पट, ३२ केबी. पंचेचाळीस लाख ट्रान्झिस्टर. माझी फूटपट्टी साधी आहे, एमपी३ गाणं. ४८६ वर पूर्ण दर्जाचं स्टिरिओ गाणं अडखळायचं, एमएमएक्सवर गाणं चालू ठेवून वर्डमध्ये टाइपही करता यायचं. एवढा एक फरक घरात सगळ्यांना कळला होता.

आता डिस्क. ४८६ ची डिस्क वेगळ्या, दुसऱ्या आयडीई केबलवर एकटी लावली, सीडी ड्राइव्ह काढून. त्या काळच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्क एका केबलवर मास्टर-स्लेव्ह म्हणून बऱ्याचदा नांदत नाहीत, त्यामुळे एकटीच लावा आणि जंपर (डिस्कच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे पहिल्या डिस्कच्या जागी ठेवा. बायोसमध्ये ऑटो डिटेक्टला गेले आणि बाबा शेजारी त्यांची १९९५ ची डायरी घेऊन बसलेले, त्यात त्यांनी लिहून ठेवलं होतं: सिलिंडर ८२६, हेड १६, सेक्टर ६३. स्क्रीनवर तेच आले. गुणाकार केला की ४२६ एमबी होतात. "नॉर्मल" मोड निवडला, डॉसमध्ये (कमांड टाइप करायच्या जुन्या सिस्टिममध्ये) गेले, डी ड्राइव्हला डीआयआर (फाइलींची यादी मागायची कमांड) दिलं आणि यादी सरकायला लागली. आठ अक्षरांची नावं, सगळं इंग्रजीत. केयूएलव्हीआरटी०१, ०२, ०३... बाबांनी चष्मा काढून पुसला, म्हणाले, "सतरापर्यंत असायला पाहिजेत." होत्या.

कॉपी करताना एक्सकॉपी ह्या डॉसच्या कमांडला /सी द्या, म्हणजे एखादी फाइल वाचता आली नाही तरी पुढे जाते, नाहीतर प्रत्येक वेळी अबॉर्ट-रिट्राय विचारत थांबते. पहिल्या फेरीत बरंच आलं, तीन प्रकरणं अडकली. डिस्क हाताला गरम लागत होती म्हणून बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, गारव्यात, परत लावली तेव्हा दोन आली. उरलेलं एक, अकरावं, मधला तुकडा वगळून आलं. इंटरनेटवर डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय सांगतात तो करू नका, आत दमट हवा थिजून पाणी धरतं आणि आपल्याकडच्या हवेत तर नक्कीच.

पुढे मराठीचा प्रश्न होता आणि तो डिस्कपेक्षा मोठा निघाला. तेव्हा युनिकोड (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखी साठवायची ठरलेली पद्धत) नव्हतं आपल्याकडे वापरात, श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशी पॅकेजं होती आणि प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फाँट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड. शिवाय पेजमेकरच्या फाइल आताच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाहीत. पण एमएमएक्सवर पेजमेकर ६.५ होतं, त्यात ५ च्या फाइल उघडतात. म्हणून एमएमएक्स चालू आहे तोवरच सगळ्या फाइल उघडून मजकूर टेक्स्टमध्ये एक्सपोर्ट करून घेतला, अख्खा नाताळचा आठवडा. फाँटच्या फायली पण कॉपी करून घ्या, हे विसरू नका, कन्व्हर्टरला नक्की कुठला फाँट होता ते सांगावं लागतं.

४ जानेवारीला ३.२ जीबीची डिस्क काढून अडॅप्टरवर, तिथून रायझनवर. वीस मिनिटांत सगळं आलं, आणि लगेच दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी केलं.

कन्व्हर्टर ऑनलाइन मिळतात, पण एकाच पॅकेजच्या फाँटचे पण वेगवेगळे नकाशे असतात, तेव्हा एक पान घालून बघा, बरोबर आलं तरच पुढे. माझ्याकडे नव्वद टक्के नीट आलं आणि उरलेलं सगळं ठरावीक जागी चुकलेलं. पहिली वेलांटी, कारण जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये नंतर साठवतात. रफार एक अक्षर मागेपुढे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपला अर्धा र, वाऱ्यातला, दुसऱ्यातला, तो प्रत्येक ठिकाणी मोडला होता. "सातारच्या गोऱ्यांची लेक" असं जिथे जिथे होतं तिथे तिथे चौकोन. त्यासाठी मी पायथॉनमध्ये छोटी शोध-आणि-बदल स्क्रिप्ट लिहिली, एकेक नमुना बघून नियम वाढवत गेले. ह्याला वेळ ठेवा, डिस्कला लागतो त्याच्या दुप्पट.

मधल्या वेळात बाकीची मशीन झाली. ॲथलॉनच्या बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबीसारखे भाग) फुगून वरून फुटलेले, २००० नंतरच्या काही वर्षांत कित्येक बोर्डांचं हेच झालं. चालू करून उपयोग नव्हता, पण त्याची डिस्क अडॅप्टरवर दिसत होती आणि अडकत होती म्हणून लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरलं. ते आधी जे सोपं आहे ते वाचून घेतं आणि खराब भागाकडे नंतर परत येतं, नोंद ठेवून. रात्रभर चालू ठेवलं. आजीचे २००४ ते ०७ मधले फोटो त्यात होते, ते सगळे मिळाले.

त्या ॲथलॉनबद्दल मला लिहायलाच हवं. २००३ मध्ये इंजिनिअरिंगला असताना घेतला, पूर्ण मशीन २७,००० ला. तेव्हा ज्याला त्याला पेंटियम ४ पाहिजे होता कारण आकडा मोठा, २.४ गिगाहर्ट्झ. ॲथलॉनचं नाव २०००+ आणि खरा वेग १६६७ मेगाहर्ट्झ, दुकानात दोन जणांनी मला सांगितलं की फसशील. पण पेंटियम ४ आकडा वाढवण्यासाठी प्रत्येक ठोक्यात कमी काम करायचा, ॲथलॉन कमी ठोक्यात जास्त. कॉलेजचे प्रोग्राम कंपाइल करायला मैत्रिणीच्या पेंटियम ४ पेक्षा माझा कुठेही मागे नव्हता आणि प्रोसेसर निम्म्याहून कमी किमतीत. गरम मात्र व्हायचा, साठ-सत्तर वॅट, मे महिन्यात बाजू उघडी ठेवून समोर टेबल फॅन. त्यात २००५ नंतरचं लोडशेडिंग, यूपीएस ओरडायला लागला की सेव्ह करून बंद. पुढे इंटेलनेच ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केला आणि २००६ ला कोअर टू ड्युओ आणला, कमी मेगाहर्ट्झचा आणि जास्त कामाचा. तेव्हा मला खूप बरं वाटलं होतं.

कोअर टू ड्युओ ई७२०० माझ्या मते ह्या सगळ्यांमधली सगळ्यात मोठी उडी. दोन कोअर (एका चिपमध्ये जणू दोन प्रोसेसर), २.५३ गिगाहर्ट्झ, ४५ नॅनोमीटर, ६५ वॅट, आणि पंख्याचा आवाजच नाही. पहिल्यांदा असं झालं की व्हायरस स्कॅन चालू असताना काम थांबलं नाही. बाबांनी तो दहा वर्षं वापरला. आय५ बद्दल सांगण्यासारखं कमी आहे, चार कोअर, चांगला, कधी त्रास नाही. रायझनमध्ये हजार कोटींवर ट्रान्झिस्टर आहेत आणि सहा कोअर, बारा थ्रेड, आणि ऑफिसचं सगळं काम त्यावर होतं, पण तो घेतल्यावर कोअर टू ड्युओसारखा फरक जाणवला नाही. प्लगला लावायचं वॅटमीटर आहे माझ्याकडे, त्यावर नुसता चालू असलेला एमएमएक्स आणि नुसता चालू असलेला रायझन जवळपास सारखेच दिसले, मॉनिटर सोडून चाळीसच्या आतबाहेर. ते बघून मी बाबांना हाक मारली होती.

आता विल्हेवाट, कारण तारीख जवळ येत होती. भंगारवाला सगळ्याचे मिळून नऊशे द्यायला तयार होता. मी नाही दिलं. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, आणि सीआरटी मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, ते फोडून कुठेतरी नाल्यात जाणार. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साइटवर अधिकृत ई-कचरा रिसायकलरची यादी आहे, त्यातून ठाणे जिल्ह्यातले निवडून फोन केले. काही उचलत नाहीत, काहींना कमीत कमी वजन पाहिजे. एका घराचा माल पुरत नाही, मग मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं आणि घर सगळ्यांनाच रिकामं करायचं असल्यामुळे तीन दिवसांत टीव्ही, मिक्सर, जुने प्रिंटर असा टेम्पोभर माल जमला. त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र आणि वस्तूंची यादी मागितली, सेक्रेटरींची सही आणि शिक्का. ते पत्र दोनदा करावं लागलं कारण पहिल्यात अंदाजे वजन नव्हतं, तेव्हा ते आधीच लिहा. गाडी १५ फेब्रुवारीला ठरली होती, आली २२ ला. वजन करून पावती दिली, किलोमागे थोडे पैसे मिळाले पण सीआरटीचे काही नाही. रिसायकलिंगचं सर्टिफिकेट मेलवर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आलं.

द्यायच्या आधी डिस्क पुसा. चालणाऱ्या डिस्कवर लिनक्समधून एन-वाइपने एकदा पूर्ण शून्य लिहिलं, फिरत्या डिस्कसाठी एक फेरी पुरते. ॲथलॉनच्या डिस्कला ड्रिलने भोकं पाडली, आरपार, प्लेटमधून. बँकेची स्टेटमेंट आणि पॅनकार्डचं स्कॅन कुठल्या जुन्या फोल्डरमध्ये असतं आपल्याला आठवत नाही.

खर्च सगळा धरून, एक एक्सटर्नल एसएसडी घेतली त्यासकट, सहा हजारांच्या आत झाला. ४८६ ची डिस्क, जुने प्रोसेसर आणि अख्खा एमएमएक्स ठेवलाय. एमएमएक्स अजून कोणाला लागू शकतो, ठाणे-नवी मुंबईत कोणाची जुनी डिस्क अशीच अडली असेल तर मी लावून बघायला तयार आहे.

आय५ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून त्यात साडेतीन हजारांची दुसरी एसएसडी न घेता जुनीच पुसून लिनक्स मिंट टाकलं आणि मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला. आईबाबा आता पाचपाखाडीला भाड्याच्या घरात आहेत आणि बाबा रोज सकाळी तासभर प्रुफं तपासतात. स्क्रिप्टमधून सुटलेले रफार ते हाताने लावतात, नावांबद्दल शंका आली की आईला विचारतात कारण माहेरवाशिणींची नाती तिला जास्त माहीत आहेत. अकराव्या प्रकरणातला जो तुकडा गेला त्यात चार जणींची माहिती होती, त्यातल्या दोघींच्या नातींना नानाकाकांनी फोन करून परत लिहून घेतलं. उरलेल्या दोघींचा शोध चालू आहे, एक चिपळूणची, एक वाईची. पणजीचं पान झालं. तिचं माहेर गुहागरचं होतं आणि ती चौथीपर्यंत शिकली होती.